चौकटीत मांडलेला प्रश्न : डेटाबेसच्या दृश्य भाषांची पन्नास वर्षे

नवी दिल्ली : सरकारी कार्यालयातील नोंदवह्या, बँकेतील खातेवह्या, रुग्णालयातील केसपेपर आणि शाळेचे हजेरीपट यांनी गेल्या तीन-चार दशकांत कागद सोडून डेटाबेसचा आश्रय घेतला. त्यामुळे नोंदी ठेवणे सोपे झाले. साठलेल्या नोंदींना प्रश्न विचारणे मात्र तितके सोपे झाले नाही. ज्याच्याकडे प्रश्न असतो त्या लिपिकाला, परिचारिकेला किंवा मुख्याध्यापकाला डेटाबेसची भाषा येत नाही. ज्याला ती भाषा येते त्या संगणक विभागातील कर्मचाऱ्याला प्रश्नामागचा संदर्भ ठाऊक नसतो. ही दरी बुजवण्यासाठी शब्दांऐवजी तक्ते, रेषा आणि चौकटी यांच्या साहाय्याने प्रश्न मांडण्याच्या भाषा निर्माण झाल्या. डेटाबेससाठीच्या दृश्य प्रोग्रॅमिंग भाषा या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांतील सर्वांत प्रभावी भाषेचा जन्म १९७० च्या दशकाच्या मध्यास झाला आणि तिचे वंशज आजही असंख्य कार्यालयांतील संगणकांवर रोज वापरले जातात. ती वापरणाऱ्यांपैकी अनेकांना आपण एक प्रोग्रॅमिंग भाषा वापरत आहोत, याची कल्पनाही नसते.

या भाषेचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६० च्या दशकातील डेटाबेसमध्ये एक नोंद दुसऱ्या नोंदीशी साखळीसारखी जोडलेली असे. हवी ती माहिती मिळवायची तर या साखळ्यांमधून कोणत्या वाटेने जायचे, हे प्रोग्रॅमरला ठाऊक असणे आवश्यक होते. या पद्धतीचे एक प्रणेते चार्ल्स बाकमन यांना १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅमरला नाविकाची उपमा दिली होती. मात्र त्याआधीच, जून १९७० मध्ये, आयबीएमचे गणितज्ञ एडगर कॉड यांनी एका शोधनिबंधातून या नाविकाची गरजच उरू नये, असा विचार मांडला होता. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, काय हवे आहे ते सांगावे आणि ते कोणत्या वाटेने शोधायचे हे यंत्रावर सोपवावे, हा त्याचा गाभा. रिलेशनल डेटाबेसची ही कल्पना पुढे सर्वत्र रूढ झाली आणि १९८१ मध्ये कॉड यांनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

काय हवे आहे ते सांगायचे, हे ठरले. पण ते सांगायचे कसे? आयबीएममध्येच या प्रश्नाची दोन उत्तरे तयार झाली. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे डॉनल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये इंग्रजी वाक्यांशी साम्य असलेली 'सीक्वेल' ही भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्सच्या संशोधन केंद्रात मोशे झ्लूफ यांनी वेगळी दिशा धरली. कार्यालयातील माणूस वाक्ये लिहीत नाही, तो तक्ते भरतो, हे त्यांनी हेरले होते. १९७५ मध्ये त्यांनी 'क्वेरी बाय एक्झाम्पल', अर्थात उदाहरणातून पृच्छा, ही भाषा सादर केली. क्यूबीई हे तिचे संक्षिप्त नाव.

क्यूबीईची रचना कागदावर समजावून सांगता येईल इतकी साधी आहे. एखाद्या जिल्ह्याच्या शिष्यवृत्ती विभागाकडे दोन तक्ते आहेत, असे समजा. पहिला विद्यार्थ्यांचा, त्यात क्रमांक, नाव, शहर आणि इयत्ता असे रकाने. दुसरा वाटपाचा, त्यात विद्यार्थ्याचा क्रमांक, वर्ष आणि रक्कम. पडद्यावर या तक्त्यांचे रिकामे सांगाडे दिसतात. शहराच्या रकान्यात 'इंदूर' लिहिले आणि नावाच्या रकान्यात 'पी.' हे अक्षर टाकले, की इंदूरच्या सर्व विद्यार्थ्यांची नावे समोर येतात. 'पी.' म्हणजे छापा, दाखवा. अर्थात उत्तराचा जो तक्ता हवा आहे, त्याचाच एक नमुना वापरणारा भरून देतो आणि यंत्र त्या नमुन्याबरहुकूम नोंदी शोधते.

यातील खरी प्रतिभा 'उदाहरण' या कल्पनेत आहे. कोणत्या विद्यार्थ्याला किती रक्कम मिळाली, हे विचारायचे तर दोन तक्ते जोडावे लागतात. त्यासाठी विद्यार्थ्यांच्या तक्त्यात क्रमांकाखाली अधोरेखित ४२ लिहायचे आणि वाटपाच्या तक्त्यातही विद्यार्थी क्रमांकाखाली तेच अधोरेखित ४२ लिहायचे. येथे ४२ म्हणजे खरोखरचा बेचाळीसावा विद्यार्थी नव्हे. 'समजा, एखादा ४२ क्रमांकाचा विद्यार्थी असेल, तर त्याचे इथले नाव आणि तिथली रक्कम द्या' असा त्याचा अर्थ. बीजगणितातील 'क्ष' हे चल ज्यांना घाबरवते, त्यांच्यापुढे तेच चल उदाहरणाचा वेश घालून आले. गणिताचे शिक्षक फळ्यावर वर्षानुवर्षे हेच करीत आले आहेत.

आयबीएमच्या जॉन थॉमस आणि जॉन गूल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच, प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या व्यक्तींना ही भाषा शिकवून त्यांची चाचणी घेतली. थोडक्या प्रशिक्षणात त्यांना बऱ्याच पृच्छा बरोबर मांडता आल्या. अडचण आली ती 'सर्व' या शब्दाशी. 'ज्यांना एखादा तरी हप्ता मिळाला ते' हे विचारणे सोपे आहे. 'ज्यांना सर्व हप्ते मिळाले ते' हे विचारताना बुद्धीची कसोटी लागते, मग ते वाक्यातून विचारा वा चौकटीतून. दृश्य भाषांच्या पाठीराख्यांनी ही मर्यादा पुढच्या काळात वारंवार अनुभवली.

बाजारात एसक्यूएलची सरशी झाली. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिला प्रमाण भाषेचा दर्जा मिळाला. यामागचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. वाक्यात लिहिलेली आज्ञा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी बसवता येते, कागदावर छापता येते, सहकाऱ्याला पाठवता येते. १९७० च्या दशकातील अक्षरांच्या पडद्यांवर भरलेल्या तक्त्याचे तसे होत नसे. तरीही क्यूबीई नामशेष झाली नाही. आयबीएमने आपल्या क्यूएमएफ या उत्पादनात तिला एसक्यूएलच्या शेजारी जागा दिली. झ्लूफ यांनी हीच कल्पना विस्तारून टपाल आणि कार्यालयीन कामांसाठी 'ऑफिस बाय एक्झाम्पल' ही आवृत्तीही मांडली. खरा प्रसार मात्र वैयक्तिक संगणकांनी केला. १९८५ मध्ये अन्सा सॉफ्टवेअरने आणलेल्या आणि १९८७ मध्ये बोरलँडने विकत घेतलेल्या 'पॅराडॉक्स' या डेटाबेसमध्ये क्यूबीईच्या धर्तीचे तक्ते होते. नोव्हेंबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'अॅक्सेस' आणले आणि त्यातील पृच्छेची जाळी जगभरच्या कार्यालयांत पोहोचली. लिबरऑफिस बेस या मोफत उपलब्ध असलेल्या सॉफ्टवेअरमध्येही तशीच जाळी आहे.

या नव्या पिढीने झ्लूफ यांचे अधोरेखित उदाहरण काढून टाकले आणि त्याजागी रेषा आणली. पडद्याच्या वरच्या भागात तक्ते छोट्या चौकटींच्या रूपात दिसतात. एका तक्त्यातील क्रमांक माउसने उचलून दुसऱ्या तक्त्यातील क्रमांकावर सोडला, की दोघांमध्ये रेषा उमटते. खालच्या जाळीत कोणते रकाने दाखवायचे, कशाप्रमाणे क्रम लावायचा आणि कोणत्या अटी घालायच्या हे भरले जाते. पडद्याआड सॉफ्टवेअर या चित्राचे एसक्यूएल वाक्य तयार करते आणि एका कळीसरशी ते वाक्य पाहताही येते.

चित्र सोपे दिसते, म्हणून प्रश्न सोपा होत नाही. जाळीतील एका ओळीतल्या अटी 'आणि'ने जोडल्या जातात, तर निरनिराळ्या ओळींतल्या अटी 'किंवा'ने. हा नियम झ्लूफ यांच्या मूळ भाषेपासून चालत आला आहे. परंतु बोलीभाषेचा नियम वेगळा आहे. 'इंदूर आणि बडोदा येथील विद्यार्थी दाखवा' असे वरिष्ठ सांगतात, तेव्हा त्यांना दोन्ही शहरांतील विद्यार्थी हवे असतात. लिपिकाने ते शब्दशः घेऊन शहराच्या एकाच चौकटीत दोन्ही नावे 'आणि'ने जोडली, तर उत्तर रिकामे येते. कारण एकाच वेळी दोन शहरांचा रहिवासी असलेला विद्यार्थी तक्त्यात असू शकत नाही. रिकामे उत्तर निदान खटकते तरी. त्याहून वाईट चूक पुढची आहे. पहिल्या ओळीत 'इंदूर' आणि 'इयत्ता दहावी' असे लिहिले व दुसऱ्या ओळीत फक्त 'बडोदा' लिहिले, तर यादीत इंदूरचे दहावीचे विद्यार्थी आणि बडोद्याचे सर्व इयत्तांचे विद्यार्थी येतात. यादी भरलेली असते, नावे ओळखीची असतात, आणि त्यामुळे कोणी शंका घेत नाही.

रेषांचे तर स्वतंत्र शास्त्र आहे. दोन तक्ते घेतले आणि त्यांच्यात रेषा ओढायचीच राहिली, तर पहिल्यातील प्रत्येक नोंद दुसऱ्यातील प्रत्येक नोंदीशी जोडली जाते. १ हजार विद्यार्थी आणि ३ हजार वाटप-नोंदी यांचे उत्तर ३० लाख ओळींचे निघते. मदत म्हणून अॅक्सेस काही वेळा स्वतःच रेषा ओढते. दोन्ही तक्त्यांत एकाच नावाचा रकाना असेल, त्यातील माहितीचा प्रकार जुळत असेल आणि त्यांपैकी एक प्राथमिक कळ असेल, तर त्यांचा परस्परसंबंध आहे असे ते गृहीत धरते. आता प्रत्येक नव्या तक्त्याला अॅक्सेसच 'आयडी' नावाचा रकाना सुचवत असल्याने, नवख्या माणसाच्या डेटाबेसमध्ये विद्यार्थ्याचा अनुक्रमांक वाटपाच्या अनुक्रमांकाशी जोडला जाण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी भलत्याच विद्यार्थ्यांच्या नावापुढे भलतीच रक्कम दिसते.

सर्वांत गंभीर परिणाम घडवणारी खूण मात्र अगदी लहान आहे. वरील उदाहरणातील विभागाला विचारायचे आहे, की यंदा कोणाला शिष्यवृत्ती मिळालेली नाही? साध्या रेषेने जोडलेल्या तक्त्यांना हा प्रश्न विचारताच येत नाही. साधी रेषा म्हणजे दोन्हीकडे जुळणारी नोंद असलेलेच विद्यार्थी. ज्यांना एक रुपयाही मिळाला नाही, त्यांची वाटपाच्या तक्त्यात ओळच नसते. म्हणून ते उत्तरात येत नाहीत. 'रक्कम शून्य' अशी अट घातली, तरी उपयोग होत नाही, कारण शून्य ही नोंद आहे आणि येथे नोंदच नाही. लिपिकासमोर रिकामा तक्ता येतो आणि त्याचा स्वाभाविक अर्थ घेतला जातो, की वंचित असे कोणी नाहीच.

उपाय आहे. रेषेवर दोनदा क्लिक केले, की जोडणीचे पर्याय खुले होतात. 'विद्यार्थ्यांच्या तक्त्यातील सर्व नोंदी घ्या' हा पर्याय निवडला, की अॅक्सेसमध्ये रेषेच्या एका टोकाला बाण उमटतो. त्यानंतर वाटपाच्या रकान्यात 'रिक्त' अशी अट घातली, की वंचितांची यादी मिळते. त्या एका बाणावर काही विद्यार्थ्यांचे यादीत असणे वा नसणे अवलंबून असते. त्यातही एक खोच आहे. लिपिकाने त्याच जाळीत वाटपाच्या तक्त्यावर 'वर्ष २०२४' अशी अट घातली, तर बाण दिसत असूनही तो निष्प्रभ होतो; कारण ज्यांची नोंदच नाही त्यांचे वर्षही रिक्त असते आणि ते अटीत बसत नाहीत. आधी २०२४ च्या वाटपाची वेगळी पृच्छा करून मग ती विद्यार्थ्यांच्या तक्त्याशी जोडावी लागते. ही बाब चित्रावरून उमगत नाही. चित्रात अटींचा क्रम दिसत नाही, हा जाळीपद्धतीचा मोठा उणेपणा होय.

बेरजेचा घोटाळा याच जातीचा. एका विद्यार्थ्याला १ हजार रुपयांचे दोन हप्ते मिळाले आहेत आणि हजेरीच्या तक्त्यात त्याच्या दहा नोंदी आहेत. तिन्ही तक्ते रेषांनी नीट जोडले आणि रकमेची बेरीज मागितली, तर उत्तर २ हजार येत नाही, २० हजार येते. प्रत्येक हप्ता दहा वेळा मोजला जातो. रेषा बरोबर, रकाने बरोबर, आकडा चुकीचा.

मग या सगळ्याऐवजी लोक काय वापरतात? बहुतेक वेळा स्प्रेडशीट. तिथे तर प्रश्नाचे चित्रही नसते, फक्त चौकोनांत विखुरलेली सूत्रे असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ बाधित वेळेवर नोंदले गेले नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी निमूटपणे गळाल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला.

जाळीच्या मर्यादा ओळखून पुढे दृश्य भाषांच्या अनेक शाखा फुटल्या. तिझियाना कातार्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा प्रणालींचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा त्यांनी तक्त्यांवर आधारित, आकृत्यांवर आधारित, चिन्हांवर आधारित आणि मिश्र असे वर्ग केले. आकृतीवाद्यांचा आधार होता पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेला घटक आणि संबंध यांचा आराखडा. चिन्हांवर भर देणाऱ्या प्रणाली फारशा टिकल्या नाहीत, हे नवल नव्हे. 'विद्यार्थी' दाखवणारे चिन्ह काढता येते. 'अद्याप न मिळालेली रक्कम' दाखवणारे चिन्ह काढून पाहावे.

आज अधिक चलती आहे ती प्रवाहपद्धतीची. जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठात सुरू झालेले 'नाइम' यात प्रत्येक क्रिया ही एक गाठ असते. माहिती आणा, गाळा, जोडा, गट करा, बेरीज करा अशा गाठी बाणांनी एकमेकींना जोडल्या जातात. एक्सेल २०१६ पासून त्यातच समाविष्ट झालेली 'पॉवर क्वेरी' याच विचाराची असून तिथे टप्प्यांची यादी बाजूला दिसते आणि कोणत्याही टप्प्यावर जाऊन त्या क्षणी तक्ता कसा होता, हे पाहता येते. जाळीत न दिसणारा क्रम येथे स्पष्ट दिसतो. आधी वर्षाची अट आणि मग जोडणी, की उलट, हे नजरेसमोर असते. किंमत मोजावी लागते ती जागेची. प्रवाह वाढला, की पडदा गाठींनी भरून जातो. संगणकशास्त्रज्ञ पीटर डॉइच यांच्या नावाने ओळखली जाणारी एक मर्यादा दृश्य भाषांच्या चर्चेत नेहमी निघते : पडद्यावर एका वेळी पन्नासएक घटकांपेक्षा अधिक काही मावत नाही. मजकुराचा कागद तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक सांगतो.

भारतात या विषयाशी विद्यार्थ्याची पहिली गाठ बहुधा शाळेत पडते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात ऑफिस संचातील 'बेस'वर तक्ते, संबंध आणि पृच्छा शिकवल्या जातात. बारावीच्या इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेसमध्ये तोच विद्यार्थी एसक्यूएलकडे वळतो. हा क्रम योग्य वाटतो. महाविद्यालयीन पातळीवर जगभर वापरल्या जाणाऱ्या 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' या पाठ्यपुस्तकाच्या तीन लेखकांपैकी एक, एस. सुदर्शन, हे मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक. त्यांच्या गटाने २००२ मध्ये 'बँक्स' ही प्रणाली मांडली. तिच्यात वापरणाऱ्याला तक्त्यांची रचना वा पृच्छेची भाषा ठाऊक असण्याची गरज नव्हती. चार शब्द टाइप केले, की प्रणाली डेटाबेसकडे गाठी आणि रेषांचे जाळे म्हणून पाहत त्या शब्दांना जोडणाऱ्या वाटा शोधत असे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा यांच्या गटाने चित्राचा उपयोग उलट बाजूने केला. पृच्छा सोडवण्यासाठी डेटाबेस आतून कोणकोणते मार्ग निवडतो, हे त्यांचे 'पिकासो' हे साधन रंगीत नकाशांतून दाखवते. काही नकाशे इतके गुंतागुंतीचे निघाले, की चित्रकाराचे नाव सार्थ ठरले.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे समीकरण पुन्हा बदलत आहे. मराठीत वा हिंदीत प्रश्न लिहावा आणि यंत्राने त्याचे एसक्यूएल करून द्यावे, हे शक्य झाले आहे. मात्र 'यंदा कोणाला मिळाली नाही' या प्रश्नासाठी यंत्राने बाणाची जोडणी वापरली की साधी, हे त्या लिपिकाला कसे कळणार? जाळी भरताना तो निदान स्वतः रेषा ओढत होता आणि चूक झाली तर ती त्याच्या डोळ्यांसमोर होती. तयार मिळालेले वाक्य त्याला वाचताच येत नसेल, तर उत्तरावर विश्वास ठेवण्यावाचून त्याच्याकडे पर्याय उरत नाही.

म्हणून काही संशोधकांनी दृश्य भाषेची भूमिकाच बदलली आहे. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचे वोल्फगांग गाटरबाउअर आणि सहकारी यांनी विकसित केलेली 'क्वेरीविस' ही प्रणाली प्रश्न विचारण्यासाठी नाही; आधीच लिहिलेल्या एसक्यूएल वाक्याची ती आकृती काढते. 'नाही' आणि 'सर्व' हे पूर्वापार छळणारे शब्द तिथे चौकटींच्या कडांतून दाखवले जातात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना केवळ मजकूर वाचण्यापेक्षा आकृतीवरून पृच्छेचा अर्थ लवकर लागला. तोपर्यंत साधा उपाय प्रत्येक कार्यालयात उपलब्ध आहे. यंत्राने दिलेले वाक्य अॅक्सेसच्या किंवा बेसच्या एसक्यूएल खिडकीत चिकटवून आराखड्याच्या दृश्यात बदलले, की बहुतेक साध्या पृच्छांमध्ये तक्ते आणि रेषा समोर येतात. मग त्या रेषेवर दोनदा क्लिक करून जोडणी कोणत्या प्रकारची आहे, हे पाहता येते.